उन्हाळ्यात गरम चहाने गार वाटतं का? आधी माठाला विचारा

माठातलं पाणी गार झालं असेल तर चहा ठेवा. कोमट असेल तर ताक घुसळा. माठ पाझरतो, ते पाणी वाऱ्याने उडून जातं, म्हणून आतलं गार होतं. घामाचंही तेच. मात्र माठ जुना होऊन त्याची छिद्रं बुजली असतील तर त्याची साक्ष धरू नका.

हिशोब असा. १५० मिलिलिटर चहा ५५ अंशांवर प्यायला तर ३७ अंशांच्या शरीरात जादा जाते २.७ किलोकॅलरी उष्णता. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी नेतो. म्हणजे चहामुळे चमचाभर, साधारण ५ ग्रॅम, जादा घाम येऊन वाळला की फिटंफाट. त्यापुढचा घाम नफ्यात. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या २०१२च्या प्रयोगात सायकल चालवणाऱ्यांना ५० अंशांचं पाणी दिलं, तेव्हा बर्फगार पाण्यापेक्षा शरीरात कमी उष्णता साठली. अट एकच: घाम पूर्ण वाळला पाहिजे.

नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात तो वाळतो. मुंबई-रत्नागिरीत तो नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम काहीच गार करत नाही. तिथे चहा तल्लफ म्हणून घ्या, गारव्यासाठी नको.

चहा घेताना उन्हातून आधी सावलीत या. सुती, सैल कपडे, बाह्या वर, पंखा चालू. कूलर असेल तर खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कूलर हवा दमट करतो आणि विदर्भातही घाम चिकटून राहतो. चहा ५०-५५ अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर एक वाटी उकळतं पाणी आणि दोन वाट्या साधं पाणी मिसळून एक घोट घेऊन बघा. जिभेला तो अंदाज एकदा कळला की पुरे. बशीत ओतून प्यायची जुनी सवय इथे अगदी योग्य. ६५ अंशांच्या वरचं पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवणारं असू शकतं, त्यामुळे कढत चहा ऋतू कुठलाही असो, नकोच. एक कप, दहा मिनिटांत, घोट घोट. मग हाताची पाठ बघा: कोरडी असेल तर जमलं, थेंब धरले असतील तर पुढचा कप नको.

गेलेला घाम भरून काढायला कपभर चहा पुरत नाही, वरून पाणी प्यावंच लागतं. खूप घाम गेला असेल तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ.

अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, तर चहा-पाणी काहीच पाजू नका. १०८ला फोन करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला.