स्ट्रीम अडकतंय? केबलवाल्या काकांना लगेच फोन लावू नका

नागपूरचा मे महिना आणि माझं पहिलं स्ट्रीम, म्हणजे गेम खेळता खेळता तो नेटवरून थेट दाखवणं. बघायला तिघं: धाकटा मामेभाऊ, कॉलेजातला एक मित्र आणि मोबाईलवरून मी स्वतःच. गेम व्हॅलोरंट. दहाव्या मिनिटाला मामेभावाचा मेसेज आला, "दादा, आवाज येतोय, पण तू पुतळा झालायस." माझ्या स्क्रीनवर तर गेम बऱ्यापैकी चाललेला. म्हणजे नेटच गंडलं असणार, दुसरं काय! पुढचे पंधरा दिवस मी आमच्या केबलवाल्या काकांचं डोकं खाल्लं. ते बिचारे दोनदा आले, वायर बदलली, राऊटर बदलून दिला. पुतळा काही हलेना.

खरं कारण ओबीएस, म्हणजे स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर, पहिल्या दिवसापासून मला सांगत होतं. खालच्या पट्टीवर 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' असं येऊन जायचं आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करायचो.

म्हणून नवीन असाल तर एकही सेटिंग बदलण्याआधी ओबीएसच्या डॉक्स (Docks) मेन्यूतून स्टॅट्सची खिडकी उघडा आणि गेम खेळत दहा मिनिटं ती चालू ठेवा. त्यात तीन ओळी कामाच्या. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल, तर ग्राफिक्स कार्डाला ओबीएसचं चित्र जुळवायला सवड मिळत नाहीये. एन्कोडिंग लॅगचा वाढत असेल, तर चित्र तयार आहे पण त्याचा व्हिडिओ करणारा मागे पडतोय. आणि नेटवर्कच्या ओळीत ड्रॉप्ड फ्रेम्स (वाटेत गळलेली चित्रं) दिसल्या तरच दोष नेटचा. बघणाऱ्याला तिन्ही वेळा 'अडकतंय' एवढंच दिसतं, पण औषध तिन्हींचं वेगळं. माझ्या खिडकीत नेटवर्कसमोर शून्य होतं आणि एन्कोडिंगसमोर २३ टक्के.

माझा लॅपटॉप म्हणजे ४ कोअरचा आय५, जीटीएक्स १६५० आणि ८ जीबी रॅम. एन्कोडर (तो व्हिडिओ करणारा) एक्स२६४ ठेवलेला, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर. शिवाय कुठलासा व्हिडिओ बघून त्याचा प्रीसेट (एन्कोडरनं किती मेहनत घ्यायची ते) 'मीडियम' केलेला, कारण त्याने चित्र छान येतं म्हणे. येतं, पण ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.६ मिलिसेकंद येतात, आणि त्याच प्रोसेसरवर गेमही चालायचा असतो. व्हॅलोरंट तर मुळातच प्रोसेसरवर जास्त जोर देणारा. टास्क मॅनेजरमध्ये ९८-१०० टक्के दिसत होतं ते उगाच नव्हे.

एन्कोडर बदलून एनव्हेंक केला. हा एनव्हिडियाच्या कार्डातला व्हिडिओपुरताच वेगळा भाग असतो, त्यामुळे प्रोसेसर बराच मोकळा होतो. एनव्हिडिया नसेल तर इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये क्विक सिंक असतं, तेही चालतं. सोबत आउटपुटच्या चित्राचा आकार १०८०पी वरून ७२०पीवर आणला. फ्रेममधले पिक्सेल निम्म्याहून कमी झाले आणि मोबाईलवर बघणाऱ्या मामेभावाला कळलंसुद्धा नाही.

मग रेंडरिंग लॅग सुरू झाला! गेमचं एफपीएस मी मोकाट सोडलेलं, कार्ड ९९ टक्क्यांवर, मग ओबीएसला काय उरणार? गेममध्येच १२० एफपीएसची मर्यादा घातली आणि ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायला लागलो. विंडोज १० आणि ११ वर असं उघडलं की ओबीएसला कार्डावर प्राधान्य मिळतं. आकडा थांबला.

सगळ्यात जास्त छळलं ते मात्र उष्णतेनं. पहिली वीस मिनिटं लोण्यासारखी, मग एकदम गचके. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये प्रोसेसरच्या वापराशेजारी 'स्पीड' लिहिलेला असतो, तिकडे कोणी बघत नाही. मी बघत बसलो: ३.९ गिगाहर्ट्झ, ३.६, ३.१, मग २.३. कीबोर्डचा वरचा भाग हाताला चटका देत होता. लॅपटॉप उघडून घेतला तर पंख्याच्या जाळीवर राखाडी कापसासारखी गादीच जमलेली. ती काढली, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) बदलली, मागच्या बाजूला दोन जाड वह्या सरकवल्या. तेवढ्यानं भागलं नाही तेव्हा पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली. माझ्या लॅपटॉपवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद पडतो. थोडं एफपीएस गेलं, पण वेग तासभर एका जागी टिकला. शर्यत कोणाशी आहे? गचके नकोत, बस.

बाकी किरकोळ. न लागणारे ब्राउझर सोर्स (ओबीएसमध्ये जोडलेली वेबपानं) काढा, अलर्टच्या नाचऱ्या चित्रांमागे अख्खा ब्राउझर चालू असतो. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी टाका. बिटरेट (सेकंदाला किती डेटा जातो तो) ६००० केबीपीएस ठेवला तर तासाला २.७ जीबी अपलोड होतं, हेही हिशेबात धरा. आणि एका वेळी एकच बदल करा. मी एका रात्रीत सहा केले होते आणि कशाने फरक पडला तेच कळलं नाही.

गेल्या महिन्यात नेटवर्कच्या ओळीत पहिल्यांदाच ९ टक्के दिसले. काकांना फोन केला तर म्हणाले, "आधी तुझं ते यंत्र बघ रे बाबा." मी स्टॅट्सचा फोटो पाठवला. संध्याकाळी ते शिडी घेऊन आले. खांबावरचा जोड खरंच सैल झाला होता.