निवृत्तीनंतर फिरवून आणणारं अर्धवेळ काम: आधी मोकळे तास मोजा

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीनं कोरलेली यू आकाराची दरी फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याला गणती नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये सपाट तळ, वर एका अंगाला मध्येच तुटलेली लोंबती दरी आणि तिच्या तोंडातून कोसळणारा धबधबा. ती दरी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली ती मात्र निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, नॉर्वेतल्या गायरांगर फियॉर्डमध्ये, म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरलेल्या अशाच दरीत, जहाजाच्या डेकवर उभं राहून. तिकीट मी काढलं नव्हतं. चौदा दिवसांच्या सफरीत पाच व्याख्यानं द्यायची आणि त्या बदल्यात केबिन नि जेवण, असं ते काम होतं.

तेव्हापासून ओळखीचे लोक विचारत असतात, असं काम मिळतं कुठे? ते सांगतेच. पण त्याच्या आधी एक हिशेब करायचा असतो. तो मी पहिल्या वेळी केला नाही आणि पस्तावले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझं पहिलं काम एका सहल कंपनीत होतं, टूर मॅनेजरच्या मदतनीसाचं. नऊ दिवस, चार शहरं, प्रवास-राहणं-जेवण कंपनीचं, वर थोडं मानधन. मला हरखून जायला झालं होतं. प्रत्यक्षात पहाटे पाचला उठून सगळ्यांच्या बॅगा खोल्यांबाहेर आल्या का बघायचं, बसमध्ये डोकी मोजायची, रूमिंग लिस्ट, म्हणजे कोण कुठल्या खोलीत याची यादी, घेऊन हॉटेलच्या काउंटरवर उभं राहायचं, रात्री अकराला कुणाची तरी किल्ली खोलीत राहिलेली असायची. मला रोज रात्री वहीत टिपून ठेवायची सवय आहे. घरी आल्यावर बेरीज केली, तर नऊ दिवसांत माझा स्वतःचा असा वेळ निघाला तीन तास चाळीस मिनिटं. ज्या संग्रहालयासाठी मी ते शहर मागून घेतलं होतं, त्याच्या दारातून परत फिरले, कारण गटातल्या एक बाई सापडत नव्हत्या.

म्हणून आता कुठलीही जाहिरात आली की मी कागदावर दोन आकडे मांडते: एकूण दिवस किती, आणि त्यातले दिवसाउजेडी मोकळे तास किती. दिवसाला सरासरी चार तास निघत नसतील, तर ते काम मी प्रवासासाठी धरत नाही. पैशांसाठी करायचं असेल तर तो विचार निराळा. हे आकडे जाहिरातीत कधीच नसतात, विचारावे लागतात. मी सरळ विचारते, "मागच्या सफरीचं रोजचं वेळापत्रक पाठवाल का?" जे पाठवतात त्यांच्याशी पुढे बोलावं. "तिथे गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यांकडे मी पुन्हा गेले नाही.

जहाजावरचं व्याख्यान

माझ्या हिशेबात सगळ्यात वर हे काम येतं. जहाज बंदराला लागत नाही, त्या दिवशी प्रवाशांना काहीतरी लागतं. इतिहास, पक्षी, तारे, चित्रकला, पत्त्यांतला ब्रिज, विणकाम, नृत्य, यातलं काहीही तुम्हाला नीट शिकवता येत असेल तर जागा आहे. व्याख्यान साधारण पाऊण तासाचं. बंदराचा दिवस बहुतेक वेळा पूर्ण तुमचा असतो. बऱ्याच ठिकाणी पगार नसतो, पण सोबतीला एक माणूस नेता येतो. काही एजन्सी वक्त्याकडूनच दिवसाप्रमाणे शुल्क घेतात, तेव्हा सही करण्याआधी तेवढं विचारून घ्या.

व्याख्याता आणि खलाशी या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. स्वागतकक्ष, दुकान, मुलांचा विभाग अशी नोकरी घेतलीत तर तुम्ही जहाजाचे कर्मचारी. मग करार कित्येक महिन्यांचा आणि आठवड्याचे सातही दिवस काम. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे, जो २०१३ पासून लागू आहे, कामाची कमाल मर्यादाच दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तास आहे. साठीनंतर अर्धवेळ म्हणून हे झेपणारं नाही. त्याच कराराचा उपयोगी भाग असा की नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. वैद्यकीय दाखला, खलाशाची नोंदवही, पासपोर्ट असा खर्च तुमचा. बाकी 'नोंदणी फी' कुणी मागितली तर तिथून उठा.

अर्जासोबत पाच-सहा मिनिटांचं चित्रीकरण लागतं. मी सुरुवातीला छान छान फोटोंचा स्लाइड शो करून पाठवला, दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. मग घरात फळा उभा केला, फोन पुस्तकांच्या चवडीवर ठेवला आणि खडूनं तीच दरी काढत काढत बोलले. हिमनदी पुढे सरकते तशी तळाशी अडकलेल्या दगडांनी खडक कसा घासते, हे खडू आडवा धरून दाखवलं. त्यावर लगेच बोलावणं आलं. निवडणाऱ्याला तुमचं ज्ञान तपासायचं नसतं. पोटभर नाश्ता करून आलेली माणसं तुमच्यासमोर जागी राहतील का, एवढं बघायचं असतं. जे तुम्ही आयुष्यभर केलंत तेच करताना दिसा.

टूर मॅनेजर व्हायचंच असेल तर

माझा पहिला अनुभव वाईट होता, तरी ज्याला माणसांची आवड आहे त्याला हे काम खूप देतं, हेही खरं. मुख्य म्हणजे पैसे मिळतात. पुढे मी दोन सहली केल्या त्या एकाच शहरात मुक्काम असलेल्या, आणि तिथे मोकळे तास बरे निघाले. सामान रोज हलत नाही, एवढ्यानंच निम्मं काम कमी होतं. इटली, ग्रीससारख्या देशांत ऐतिहासिक स्थळी माहिती सांगायला परवानाधारक स्थानिक गाईड लागतो, त्यामुळे तिथे तुम्ही बोलायचं नसतं, गट सांभाळायचा असतो. आणि बसचालकाशी पहिल्याच सकाळी बसून वेळापत्रक जुळवून घ्या. युरोपीय संघाच्या नियमानं साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा, यापुढे चालवता येत नाही. हे माहीत नसलेला टूर मॅनेजर संध्याकाळी सात वाजता रस्त्याच्या कडेला चाळीस माणसांची बोलणी खात उभा असतो.

विमान कंपनीतली अर्धवेळ नोकरी

माझी नणंद निवृत्तीनंतर विमानतळावर चेक-इन काउंटरवर अर्धवेळ लागली. पहाटेची पाळी, उभं राहायचं काम, आधी पोलीस पडताळणी. बऱ्याच कंपन्या अर्धवेळ माणसालाही प्रवासाची सवलत देतात, पण काही महिने नोकरी झाल्यावर. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतही कमी भाड्यात जाता येतं, कारण त्यांचे आपसात करार असतात. 'आयडी ९०' म्हणजे मूळ भाड्यात ९० टक्के सूट. कर वेगळे भरावे लागतात, आणि लांबच्या प्रवासात ते बरेच होतात.

पण हे सगळं स्टँडबाय, म्हणजे विमानात जागा उरली तरच. नणंदेनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वहिनी, तिकीट हातात आहे म्हणजे सीट मिळाली असं नाही." एकदा तिची ओळीनं तीन विमानं तिला न घेताच गेली. पैसे भरलेले प्रवासी आधी, मग कर्मचारी, त्यातही ज्याची नोकरी जुनी तो पुढे. ती चौदा तास गेटसमोर बसून होती, आणि तिची गुडघेदुखीची गोळी चेक-इन केलेल्या बॅगेत गेली होती. तेव्हापासून ती फक्त केबिन बॅग नेते, सकाळचं पहिलं विमान धरते, सुट्ट्यांचा हंगाम टाळते, आणि परतीचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढता येईल एवढे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय निघत नाही. लग्नकार्याला, डॉक्टरांच्या वेळेला स्टँडबायवर जायचं नाही, हा तिचा नियम आहे. ज्याला अमुक दिवशी पोचायचंच नसतं, त्याच्यासाठी ही सवलत सोन्यासारखी आहे.

राहण्याच्या बदल्यात काम

लोक सुट्टीवर गेले की त्यांचं घर नि कुत्री-मांजरं सांभाळायची, आणि राहायचं तिथे. पगार नाही, पण मोकळे तास भरपूर. घरमालकाला एकच नेमका प्रश्न विचारा: कुत्रं सलग किती तास एकटं राहतं? दोन तास असं उत्तर आलं, तर तुमचा दिवस त्या दोन तासांचा. सुरुवात ओळखीच्या दोन-तीन घरांपासून करा आणि त्यांच्याकडून लेखी शिफारस घ्या.

शेतावर राहून मदत करायची वूफ ही चळवळ १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. साधारण चार ते सहा तास काम, त्या बदल्यात राहणं-जेवण. कंबर धड असेल तरच जा. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत कॅम्पग्राउंड सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाला आपली निवासी गाडी लावायला फुकट जागा मिळते, आणि २५० तास सेवा भरली की वर्षभराचा प्रवेश पासही. निवृत्त जोडप्यांना हे विशेष मानवतं.

कागदपत्रं

इथे मी जरा कडक बोलते. "पैसे घेत नाही, म्हणजे ते काम नाही" ही समजूत डोक्यातून काढा. कित्येक देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेली मदतही काम धरली जाते आणि पर्यटक व्हिसावर ती चालत नाही. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांत मिळून अल्प मुदतीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं. त्या त्या देशाच्या वकिलातीला लेखी विचारा आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खरं तेच सांगा.

विमा काढताना "मी तिथे काम करणार आहे" हे लिहून द्या, कारण साधी पर्यटन पॉलिसी कामावर असताना झालेली दुखापत बऱ्याचदा धरत नाही. रक्तदाब, साखर, जुनी शस्त्रक्रिया, काही लपवू नका. औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नावानं नको, मूळ औषधाच्या नावानं घ्या. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची गोळी न्यायलाच बंदी आहे. आणि मानधन, फुकट राहणं याचा तुमच्या करावर किंवा पेन्शनवर काही परिणाम होतो का, हे निघण्याआधी विचारून ठेवा, परत आल्यावर नाही.

जहाजावर गेलात तर आणखी दोन गोष्टी. हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण बंदरातली वेळ तासाभरानं वेगळी असू शकते आणि जहाज आपल्या वेळेनं सुटतं. आणि व्याख्यान त्या ठिकाणी पोचण्याच्या आदल्या दिवशीचं मागून घ्या. गायरांगरच्या आदल्या सकाळी मी लोंबती दरी फळ्यावर काढली होती. दुसऱ्या दिवशी डेकवर एक आजोबा माझी बाही ओढून वर बोट दाखवत होते. सात बहिणींचा धबधबा होता तो, आणि मीही तो पहिल्यांदाच पाहत होते.