मैलाशुद्धीकरण केंद्रातील तरंगता गाळ : निदानातील या चुका टाळा

निवळण टाकीत गाळ वर दिसू लागला की बहुतेक ठिकाणी पहिला आदेश निघतो तो ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) वाढवण्याचा. त्याने कधी काम भागते, तर कधी पाणी आणखी बिघडते, कारण गाळ वर येण्याची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांवरचे उपायही एकमेकांशी जुळत नाहीत.

निदानासाठी एक लिटरचे मोजपात्र पुरते. वायुवीजन टाकीतील (जिथे हवा देऊन जिवाणूंकरवी मैला पचवला जातो) मिश्रण त्यात भरून 30 मिनिटे न हलवता ठेवावे. गाळ व्यवस्थित खाली बसला, परंतु पात्र तसेच राहू दिल्यावर तासा-दोन तासांत बुडबुड्यांसह गाळाची ढेकळे वर आली, तर निवळण टाकीच्या तळाशी गाळ प्राणवायूवाचून फार वेळ पडून राहतो आणि नायट्रेटपासून नायट्रोजन वायू सुटतो आहे, असे समजावे. अशा वेळी परतीच्या गाळाचा (निवळण टाकीतून पुन्हा वायुवीजन टाकीत सोडल्या जाणाऱ्या गाळाचा) प्रवाह वाढवून तो तळाशी साचू न देणे हा पहिला उपाय होय. नुसती हवा वाढवली तर नायट्रेट अधिकच तयार होऊ शकते.

30 मिनिटांनंतरही गाळ फुगलेलाच राहिला, तर तंतुमय जिवाणूंचा (धाग्यांसारखे वाढून गाळ बसू न देणाऱ्या) संशय घेणे योग्य आहे, मात्र केवळ पात्राकडे पाहून निष्कर्ष काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. बसलेल्या गाळाचे मिलिलिटर 1000 ने गुणून एमएलएसएसने (मिश्रणातील तरंगत्या घन पदार्थांचे प्रमाण) भागावे, म्हणजे गाळाच्या फुगीचा निर्देशांक मिळतो. पात्रात 600 मिलिलिटर गाळ आणि एमएलएसएस 3000 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर निर्देशांक 200 येतो, म्हणजे गाळ खरोखरच फुगला आहे. विरघळलेला प्राणवायू कमी पडतो का, हे तेव्हा तपासावे. त्याच 600 मिलिलिटरला एमएलएसएस 6000 असेल तर निर्देशांक 100 येतो. हा गाळ निरोगी आहे, फक्त तो काढून टाकण्याचे काम लांबणीवर पडले आहे.

हे लक्षात येताच एका दिवसात निम्मा गाळ उपसून टाकण्याचा उत्साह आवरावा. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे ते एकदम निघून गेले की पुढे बरेच दिवस अमोनिया थेट नदीत जातो. शिवाय 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे 4.57 मिलिग्रॅम प्राणवायू आणि 7.14 मिलिग्रॅम अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्च होते. पीएच घसरत असेल तर हवा कितीही दिली तरी उपयोग नाही. चुना किंवा सोडा लागतो.

बीओडीचा (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) निकाल हाती यायला चाचणीच्या पद्धतीनुसार तीन ते पाच दिवस लागतात. रोजच्या निर्णयांसाठी त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. सकाळी एकदाच घेतलेल्या नमुन्यावरही विसंबू नये, कारण मैलापाण्याचा भार दिवसभर बदलत असतो.

गाळ बाहेर वाहू लागला की क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, हे तर सर्वांत वाईट. गाळाच्या कणांत दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही, उलट उरलेला क्लोरीन माशांना घातक ठरतो. आधी गाळ थांबवावा, मग मात्रा ठरवावी आणि नदीत सोडण्यापूर्वी सोडियम बायसल्फाइटने उरलेला क्लोरीन काढून टाकावा.