राइडच्या आधीची कॉफी: ठाणे-नवी मुंबईच्या सायकलस्वारांनो, या चुका टाळा

"वाशीहून निघालो तेव्हा पाय नुसते पळत होते, आणि पारसिकच्या चढावर एकदम गळून गेलो." रोड सायकल चालवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ही तक्रार नेहमी ऐकू येते. मग दोष वाऱ्याला, टायरच्या हवेला, सॅडलच्या उंचीला दिला जातो. निघण्यापूर्वी काय प्यायलं आणि काय खाल्लं नाही, हे मात्र कुणी विचारत नाही. कॉफी ही आपल्या खेळाची फार चांगली सोबतीण आहे. पण नाश्त्याच्या, पाण्याच्या किंवा झोपेच्या जागी तिला बसवलं, की राइड बिघडते.

सुरुवातीलाच जोर लावणं

कॅफीनचा फायदा खरा आहे. थकवा आणि सुस्तीची सूचना पोचवणारं अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य मेंदूत जिथे चिकटतं, ती जागा कॅफीन अडवतं. त्यामुळे तेवढेच कष्ट कमी वाटतात. स्नायूंमधला साखरेचा साठा मात्र त्याने वाढत नाही. पाम बीच रोड सरळ आणि सपाट, सिग्नल थोडे, पहाटेची हवा त्यातल्या त्यात गार. अशा रस्त्यावर कॉफीच्या तरतरीत माणूस ग्रुपच्या पुढे जाऊन ओढत राहतो आणि आपण जास्त खर्च करतोय हे त्याला कळतच नाही. बेलापूरला पोचून पारसिकचा चढ लागला की हिशोब चुकता होतो.

उपाय सोपा आहे. पहिली वीस मिनिटं शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच वेग ठेवा. वाक्य मधेच तुटायला लागलं तर गिअर हलका करा आणि थोडा वेळ मागे राहा. पुढचा माणूस वारा कापत असताना मागे राहण्यात काहीच कमीपणा नाही.

चढाच्या पायथ्याशी घेतलेली कॉफी

येऊरला जाणारे बरेच जण उपवन तलावाशी थांबून कॉफी घेतात आणि लगेच चढायला लागतात. रक्तात कॅफीनचं प्रमाण सगळ्यात जास्त व्हायला साधारण 30 ते 60 मिनिटं लागतात. तोवर येऊरचा चढ संपलेला असतो, आणि चढताना पोटात काय असतं, तर गरम दूध आणि साखर. वाकून पेडल मारताना ते ढवळून येतं. म्हणून कॉफी घरीच, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. दूध कमी, कप लहान.

घरी दोन भांड्यांचा दाक्षिणात्य कॉफी फिल्टर असेल तर ही व्यवस्था फार सोयीची पडते. रात्री वरच्या भांड्यात दोन-तीन चमचे पूड घालून हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून झोपायचं. पहाटे खालच्या भांड्यात घट्ट काळा डिकॉक्शन जमलेला असतो. तो पुन्हा उकळायचा नाही, कडवट होतो. कपात दोन बोटं डिकॉक्शन, वर थोडं कडकडीत दूध, की झालं. कपडे चढवून टायरची हवा तपासेपर्यंत कॉफी पिऊन होते.

यात एक मेख आहे. पाकिटावरचं 80:20 किंवा 60:40 हे कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण असतं, आणि चिकोरीत कॅफीन मुळीच नसतं. दुसरीकडे रोबस्टा दाण्यात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. म्हणजे ब्रँड बदलला की त्याच कपाचा परिणाम बदलतो. मोठ्या राइडच्या किंवा ब्रेव्हेच्या (ठराविक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या) दिवशी नवीन पाकीट फोडू नका. सवयीचीच कॉफी, सवयीच्याच कपात घ्या.

सोबत खायला हवंच. एक केळं, दोन खजूर, जॅम लावलेला ब्रेड, काहीही चालेल. दीड तासापेक्षा लांब राइड असेल तर वाटेत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात. उपाशीपोटी नुसती काळी कॉफी घेऊन घोडबंदरला जाणारे गायमुखच्या चढाला थरथरत्या हाताने हँडल धरतात, आणि हे कंटेनर-डंपरच्या रस्त्यावर होतं. मला याची खरोखर काळजी वाटते.

कॅफेत तासभर बसणं

कॉफी आणि रोड सायकलिंगचं नातं जुनं आहे. बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1969 ची टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा त्याच्या जर्सीवर फाएमा हे एस्प्रेसो मशीन बनवणाऱ्या इटालियन कंपनीचं नाव होतं. कोलंबियाच्या लुचो हेरेराने 1987 ची व्हुएल्ता ही स्पेनची मोठी सायकल शर्यत जिंकली ती 'कॅफे दे कोलंबिया' संघाकडून. तिथून कॅफे-राइडची हौस आपल्याकडे आली, आणि ती छानच आहे. पण इटलीत एस्प्रेसो बहुतेक वेळा काउंटरशी उभ्या उभ्या, दोन-चार मिनिटांत संपते. आपण घामाने भिजलेल्या जर्सीत एसीखाली पाऊण तास गप्पा मारतो. अंग गार पडतं, मांड्या आखडतात, आणि बाहेर ऊन चढलेलं असतं. गप्पा मारायच्याच असतील, आणि त्या माराव्यातच, तर कॅफे राइडच्या शेवटी ठेवा. मधला थांबा दहा मिनिटांचा. जर्सी बदलायला एक कोरडा टी-शर्ट जवळ असेल तर उत्तम.

रोज कॉफी पिणाऱ्याच्या अंगातलं पाणी एक-दोन कपांनी कमी होत नाही. पाणी कमी होतं ते मे आणि ऑक्टोबरच्या दमट हवेतल्या घामाने. निघताना आणि आल्यावर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. तेवढं पाणी, चिमूटभर मिठासकट, कॉफीच्या आधी पोटात जायला हवं.

संध्याकाळचा कप आणि पहाटेचा गजर

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ठाण्यात ट्रॅफिकच्या आधी राइड उरकायची तर साडेचारला उठावं लागतं, म्हणजे साडेनऊ-दहाला झोप लागली पाहिजे. अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. ऑफिस सुटताना सहाला घेतलेल्या मगातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं. झोप उशिरा लागते, तुटक लागते. सकाळी सुस्ती, म्हणून दुहेरी कॉफी, आणि पुन्हा तेच. महिनाभर असं चाललं की वेग घटतो, आणि माणूस नवीन चाकांच्या किमती बघायला लागतो.

राइडच्या आदल्या दिवशी शेवटची कॉफी दुपारी दोनच्या आत घ्या. रात्री झोप झालीच नसेल तर पहाटेची राइड सोडून द्या. कॉफीने डोळे उघडे राहतात, पण खड्डा दिसल्यावर ब्रेकवर बोट जायला लागणारी क्षणार्धाची चपळाई कमी झोपेत घटते, आणि कॉफी ती पूर्ण भरून काढत नाही.

थोडक्यात आणखी काही

कॅफीन 2004 मध्ये खेळाडूंना मनाई असलेल्या द्रव्यांच्या जागतिक यादीतून निघालं. त्याचा अर्थ कितीही घ्यावं असा नाही. इन्स्टंट कॉफीच्या एका चमच्यात साधारण 60 मिलिग्रॅम असतं. निरोगी प्रौढ माणसासाठी एका वेळी 200 आणि दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात. कॉफी, वर कॅफीनचं जेल, वर एनर्जी ड्रिंक, अशी बेरीज नकळत होते. जेलच्या पाकिटामागचा आकडा वाचा.

हिमोग्लोबिन कमी असेल, लोहाची गोळी चालू असेल, तर गोळी आणि कॉफीत किमान तासाचं अंतर हवं. थायरॉइडच्या सकाळच्या गोळीचंही तसंच. रक्तदाबाचं किंवा हृदयाचं औषध चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. राइडमध्ये छातीत धडधड अनियमित वाटली, दुखलं किंवा चक्कर आली, तर सायकल कडेला लावून बसा, सोबत्याला हाक मारा आणि त्या दिवशी पुन्हा सायकलवर चढू नका. पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे जा. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर थेट 108 ला फोन लावा.