‘तुमच्यात देव एक की तीन?’ उत्तर देताना या चुका टाळा

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत हा प्रश्न आला. मी बांगड्याचं कालवण बाजूला सारलं आणि चर्चच्या युवक शिबिरात पाठ केलेलं उदाहरण काढलं: पाणी, बर्फ, वाफ. वस्तू एकच, रूपं तीन. समोरचा पडला इंजिनियर. चपातीचा तुकडा मोडत म्हणाला, “तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ होत नाही रे. मग येशू प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच?”

माझी बोलती बंद. त्याचा मुद्दा बरोबर होता, आणि मी सांगत होतो ती ख्रिस्ती शिकवणच नव्हती. एकच देव आळीपाळीने तीन रूपं घेतो, हे मत तिसऱ्या शतकातल्या साबेल्लियसच्या नावावर आहे आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, ते तेव्हाच नाकारलं. अंड्याचं उदाहरणही तसंच लंगडं. नुसत्या टरफलाला कोणी अंडं म्हणत नाही. त्यापेक्षा सरळ सांगावं: देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा वेगळे, पण तीन देव नव्हेत, आणि हे आमच्याही डोक्यात पुरतं मावत नाही. मग गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचून दाखवावा. तिथे पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी बोलतो, माझी नको, तुझी इच्छा होवो म्हणतो. ‘त्रैक्य’ (एका देवात तिघं) हा शब्द बायबलात नाही असं कोणी म्हटलं, तर हो म्हणा. शब्द नंतरचा आहेच.

दुसरी चूक भाषेची. आपण चर्चमधलं मराठी तसंच्या तसं उचलून लोकलमध्ये बोलतो. ‘तारण’ म्हटलं की ठाण्यातल्या माणसाला बँक आठवते. घर तारण ठेवून कर्ज काढतात ना, ते! एका सहप्रवाशाने मला खरंच विचारलं होतं, “तारण कशाचं?” सुटका म्हणा, देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळणं म्हणा. ‘कोकऱ्याचं रक्त’ तर वल्हांडणाची, म्हणजे मिसरातून सुटकेच्या रात्री दाराला कोकऱ्याचं रक्त लावल्याची, गोष्ट सांगितल्याशिवाय काढूच नये.

फॉरवर्डचं काय सांगावं! तांबड्या समुद्रात मोशेचा पाठलाग करणाऱ्या फारोच्या (मिसरच्या राजाच्या) रथाची चाकं सापडली, असा मेसेज आपल्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी फिरतो. त्याला पुरातत्त्वाचा आधार नाही. समोरच्याने मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं की तुमचं खरं बोलणंही संशयात जातं. साध्या, पक्क्या गोष्टी पुरतात. ख्रिस्ताला पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात मृत्युदंड झाला, हे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल जराही प्रेम नव्हतं. पिलाताचं नाव कोरलेला दगड 1961 मध्ये आजच्या इस्रायलमधल्या कैसरियात सापडला. यातून पुनरुत्थान सिद्ध होत नाही; तसा आव आणू नका.

“धर्म परदेशी ना तुमचा?” हे ऐकलं की आपलं रक्त उसळतं. इथे मी ठाण्याचाच इतिहास सांगतो. पोर्तुगीज वसईत येण्याच्या दोनशे वर्षं आधी, 1321 मध्ये, फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू याच ठाण्यात मारले गेले. ते उतरले होते इथल्याच एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरात. म्हणजे इथे ख्रिस्ती बिऱ्हाड त्यांच्याही आधीपासून होतं. पण ही गोष्ट अर्धीच सांगू नका. त्या काळच्या वृत्तांतानुसार, काझीसमोर त्यांना इस्लामच्या पैगंबरांबद्दल मत विचारलं गेलं, आणि उत्तर फार जहाल आलं. मंडळी त्यांना हुतात्मा मानते, मीही मानतो. तरी त्या उत्तराचा कित्ता डब्यावर बसून गिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर बोट ठेवलं की संभाषण तिथेच संपतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगितलंय, ते ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’. मराठी बायबलातला हा ‘भीडस्तपणा’ मला फार आवडतो.

आणि प्रत्येक गप्पेच्या शेवटी “रविवारी चर्चला या” चिकटवू नका. विमा एजंट वाटतो आपण.

घरात मृत्यू झालेल्या माणसाने “देवाने असं का केलं?” विचारलं तर तो प्रश्न नसतो. बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवर ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

शेवटची चूक माझी आवडती: माहीत नसताना ठोकून देणं. आदामाचा मुलगा काइन, त्याची बायको कोण, असं त्याच इंजिनियरने विचारलं तेव्हा मी शहाण्यासारखा म्हणालो, “माहीत नाही, वाचून सोमवारी सांगतो.” सोमवारी विसरलो. तीन आठवड्यांनी ठाणे स्टेशनच्या पुलावर, गर्दीत, मागून खांद्यावर हात पडला: “काय रे, सापडली का ती बायको?”