गाणे नको, जागा पाठवा : सध्या काय ऐकताय ते इतरांना कसे कळवावे

गेल्या पावसात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका जुन्या मैफलीची लिंक टाकली. ४७ मिनिटांचे रेकॉर्डिंग. दीड मिनिटात तीन अंगठे आले, एक जोडलेले हात आले आणि वहिनीचे 'मस्तच!' आले. पाऊण तासाचे गाणे दीड मिनिटात संपवणारे कान आमच्याच घरात आहेत, हे मला तेव्हा कळले. मस्कतला असलेला मावसभाऊ तेवढा प्रामाणिक निघाला. त्याने विचारले, "भाऊ, खंयसावन आयकूं?" म्हणजे कुठून ऐकू?

मी लिहिले, '१४:२० पासून फक्त दोन मिनिटे ऐक. समेवर येताना गाणाऱ्या बाई सगळ्यांना चकवतात.' (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.) अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. त्याने ती दोन मिनिटे चारदा ऐकली होती आणि मग बसून सगळी मैफल.

गाण्यातल्या अशा ठिकाणाला आपल्याकडे 'जागा' म्हणतात. 'काय जागा घेतली!' असे देवळातल्या बैठकीत मागच्या खांबाला टेकून बसलेला माणूसही म्हणतो. ऑनलाइन मात्र आपण गाणे अख्खेच्या अख्खे समोरच्याच्या अंगावर टाकतो आणि जागा आपल्यापाशीच ठेवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या ती जागा पोचवण्यासाठी आहेत.

१. ऐकतानाच वेळ टिपा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त चुकणारी. नंतर शोधू म्हटले की जागा सापडत नाही. अंगावर काटा आला की स्क्रीनकडे बघा आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा. वेळ टिपताना दहा-पंधरा सेकंद आधीची घ्या. तान सुरू होण्याआधी गवई कुठे उभा होता ते कळले नाही, तर तो कुठे पोचला याची गंमत येत नाही.

२. नाव-गाव लिहा

'रेअर नाट्यगीत, जरूर ऐका' हे नाव नव्हे. यूट्यूबवर जुनी रेकॉर्डिंग चढवणाऱ्या भल्या माणसांनी मथळ्यात काय लिहिले आहे त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. राग चुकलेला असतो, कधी कधी गायिकाच दुसरी असते. चार गोष्टी लिहा: कोण गातेय, काय गातेय, माहीत असेल तर राग, आणि तुमची जागा. साल माहीत नसेल तर सोडून द्या, अंदाजाने ठोकू नका.

नावाची ही काळजी नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा त्या शेवटी इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकडी छापली जायची जर्मनीत, आणि तिथल्या कामगारांना कुणाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची ते कळायला हवे ना! आपल्या गोव्यातल्या, फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर तर त्याहून लांब गेल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात धाडली, तिच्यावर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती ऐकणारे कुणी भेटेल की नाही हे ठाऊक नसतानाही पाठवणाऱ्यांनी यादीत गाण्याचे बोल आणि गायिका दोन्ही लिहिले. आपल्याला तर मडगावच्या आत्याला पाठवायचे आहे.

३. लिंक अशी उचला की ती त्याच जागी उघडेल

संगणकावर यूट्यूब लावले असेल तर काम सोपे. व्हिडिओखालचे 'शेअर' दाबा. लिंकच्या खाली 'स्टार्ट ॲट' असा एक चौकोन दिसतो. त्यावर खूण करा, वेळ घाला आणि लिंक कॉपी करा.

फोनवर हा चौकोन दिसला नाही तर हाताने करायचे. आधी मिनिटांचे सेकंद करा. १४ मिनिटे २० सेकंद म्हणजे चौदा गुणिले साठ, अधिक वीस, एकूण ८६०. 'शेअर'मधून लिंक कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. तिच्या शेवटाला चिकटून & हे चिन्ह टाका, मग छोट्या लिपीतला इंग्रजी टी, मग =, मग ८६०. मध्ये कुठेही मोकळी जागा सोडायची नाही आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच हवेत. मी पहिल्यांदा मराठी कीबोर्डवरून ८६० टाकले आणि गाणे निमूटपणे पहिल्यापासून सुरू झाले.

फोनवरून घेतलेल्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर एस-आय अक्षरांनी सुरू होणारे एक लांब शेपूट असते. लिंक कुणाकडून पुढे गेली याचा माग ठेवण्यासाठी ते असते. ते काढून टाकले तरी गाणे बिघडत नाही. शेपूट काढले तर वेळेच्या आधी & ऐवजी ? टाकायचे, एवढे लक्षात ठेवा.

ही आकडेमोड नको वाटत असेल तर सरळ '१४:२० पासून' असे लिहा. काका-मामांच्या ग्रुपवर तेच जास्त चालते. मात्र व्हॉट्सॲपमध्ये असा आकडा दाबून काही होत नाही. यूट्यूबच्या कॉमेंटमध्ये लिहिला तर तो आपोआप दाबता येतो.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांतूनही 'शेअर' करता येते. पण तुमच्याकडे एक ॲप, समोरच्याकडे दुसरे, आणि लिंक उघडली की 'लॉगिन करा' म्हणून दार बंद. ओडेस्लीसारखी संकेतस्थळे एका लिंकवरून बाकीच्या ॲप्सच्या लिंका गोळा करून देतात. तरीही घरच्या माणसांसाठी मी यूट्यूबच वापरतो. ते सगळ्यांकडे असते, भाचरांनी उघडून दिलेले का असेना.

४. कुठे टाकायचे

एका माणसाला आवडेल असे वाटले तर त्या एकालाच पाठवा. ग्रुपवरचे गाणे सगळ्यांचे असते, म्हणून कुणाचेच नसते. 'तुला हे आवडेल' असे एकट्याला आलेले गाणे माणूस रात्री जेवणानंतर हमखास लावतो.

व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांनी जाते आणि ते फक्त अशांनाच दिसते ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे आणि तुमच्या फोनमध्ये त्यांचा. ऑफिसातल्या साहेबांना तुमची ठुमरी दाखवायची नसेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी, स्टेटस असे जाऊन त्यांना वगळा.

इन्स्टाग्रामवर स्टोरीत म्युझिक स्टिकर लावून गाण्याचा कुठला तुकडा वाजावा ते सरकवून निवडता येते, म्हणजे जागा तिथेही धरता येते. फक्त नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका त्या यादीत सापडतीलच असे नाही. अशा वेळी स्पॉटिफायवर गाणे असेल तर 'शेअर'मधून थेट स्टोरीवर टाका. चित्र आणि लिंक दोन्ही जातात.

५. आपोआप कळवणारी यंत्रे

तुम्ही काय ऐकता ते न सांगता कळावे असे वाटणाऱ्यांसाठी लास्ट डॉट एफएम आहे. २००२ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही सेवा तुम्ही ऐकलेले प्रत्येक गाणे टिपून ठेवते. त्याला 'स्क्रॉबल' म्हणतात. खाते उघडून स्पॉटिफायला जोडले की पुढे काही करावे लागत नाही. अशीच दुसरी, ना-नफा तत्त्वावर चालणारी सेवा म्हणजे लिसनब्रेन्झ. पण तिथे तुमचे ऐकणे सगळ्या जगाला उघडे असते, हे आधीच समजून घ्या.

या यंत्रांचा हिशेब मात्र मजेशीर आहे. गाणे तीस सेकंदांहून मोठे असावे आणि ते निम्मे किंवा चार मिनिटे, जे आधी होईल तेवढे, वाजावे. मग ते 'ऐकले' म्हणून नोंदले जाते. तीन मिनिटांची जुनी तबकडी दीड मिनिटात नोंदली जाते. पाऊण तासाचा ख्याल चार मिनिटांत! विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तोवर बुवांनी जेमतेम तालाचे दुसरे आवर्तन घेतलेले असते. तेव्हा कुणाच्या पानावर मोठमोठे ख्याल दिसले म्हणून लगेच दबून जाऊ नका.

आणखी एक सावधगिरी. माझ्या फोनवर पुतणीने दोन दिवस कार्टूनची गाणी लावली होती. सोमवारी ऑफिसात एकाने विचारले, "आजकाल ससा-कासव ऐकता वाटतं?" स्पॉटिफायमध्ये 'प्रायव्हेट सेशन' असते, ते मुलांच्या हातात फोन देण्याआधी चालू करा. बराच वेळ काही लावले नाही की ते आपोआप बंद होते, म्हणून पुन्हा बघून घ्या. लास्ट डॉट एफएमवर अलीकडचे ऐकणे लपवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे.

६. स्वतः टिपलेले गाणे

गणेश चवथीला गोव्यात घरोघरी घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने आरत्या होतात, श्रावणात भजने. यातले बरेचसे कुठल्याच ॲपवर नसते. गाणे ओळखणारे शझामसुद्धा इथे हात टेकते, कारण ते छापील ध्वनिमुद्रिका ओळखते, समोर बसून गाणाऱ्या शेजाऱ्याला नाही. मग फोन काढावाच लागतो.

फोन घुमटाच्या तोंडासमोर धरू नका. शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे ही झांजही तिथेच वाजत असतात, आणि जवळून सगळे फाटके ऐकू येते. सहा-सात पावले मागे, गाणाऱ्यांच्या तोंडाकडे रोखून ठेवा. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी केलेला आहे. त्यात घुमटाचा तो पोटातून येणारा 'घुम्म' मरून जातो. फोनच्या रेकॉर्डरवर टिपा आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. व्हिडिओलाही हेच लागू. तुकडा हवा असेल तर आधी गॅलरीत कापून घ्या.

आणि गाणाऱ्याला विचारा. गेल्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या बुवांची आरती मी टिपली आणि मस्कतला पाठवू का म्हणून विचारले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, कानाला लावून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "धाड. पण दुसऱ्या कडव्याच्या आधी काप. तिथे माझा सूर गेलाय, आणि तुझा भाऊ नेमकी तीच जागा धरील."