काजवे बघायला जाताना: उजेड घरी ठेवा

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, म्हणजे भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात, मेअखेरीपासून मोठा पाऊस सुरू होईपर्यंत काजवे लुकलुकतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं अंगभर पेटतात. हा लखलखाट आपल्यासाठी नसतो. नर मादीला खुणावत असतो, आणि बऱ्याच जातींत मादी खाली गवता-पाल्यात बसून उत्तर देते. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं. एक रात्र उजेडात वाया गेली, तर ती त्याला पुन्हा मिळत नाही.

तारीख अमावस्येच्या आसपासची निवडा, शक्यतो शनिवार-रविवार टाळून. अभयारण्याच्या नाक्यावर प्रवेशाची पावती घेतानाच रात्री किती वाजेपर्यंत थांबता येतं ते विचारा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा आणि गाडी गावातच लावा.

सगळ्यात जास्त घोळ गाडीच करते. हेडलाइटचा झोत पडला की झाड विझतं, आणि पुन्हा लयीत यायला वेळ लागतो. तोवर दुसरी गाडी येते. हेडलाइट ‘ऑटो’वर असतील तर बंदवर आणा. डीआरएल, म्हणजे दिवसाही जळणारे पुढचे छोटे दिवे, बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्याशिवाय विझत नाहीत. काही गाड्यांचे दिवे कुलूप लावल्यावरही अर्धा मिनिट जळत राहतात, ती सोय आधीच बंद करून ठेवा. रिमोट दाबला की इंडिकेटर चमकतात, म्हणून किल्लीनेच कुलूप लावा.

टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बसवा. काजव्यांना लाल उजेड कमी जाणवतो. तरीही तो पायापुरताच, झाडाकडे नाही. मोबाइल खिशात गेला की वीस-तीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात, मग टॉर्चची गरजही कमी लागते.

पायवाट सोडू नका. काजव्याच्या अळ्या महिनोन्‌महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात गोगलगायी खात वाढतात. फोटोसाठी गवतात घुसलात की त्या आणि खाली बसलेल्या माद्या दोन्ही चिरडतात. फुरसं-घोणस तुम्हाला दिसणार नाहीत ते वेगळंच, त्यामुळे बंद बूट हवेत. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. झाडाखाली फवारा मारू नका, ते कीटकांसाठीच विष असतं.

फोटो काढायचाच असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १६००-३२००, शटर १५ ते ३० सेकंद. फोकस उजेड असतानाच लावून मॅन्युअलवर टाका, नाहीतर कॅमेऱ्याचा फोकसचा दिवा लागतो. मागच्या पडद्यावर रुमाल टाका. फ्लॅशने तर काजवे फोटोत येतच नाहीत, नुसती पानं येतात.

झाडामागून झाड हिंडण्यापेक्षा एकाच झाडासमोर तासभर बसा. निघताना कपडे हलकेच झटका. बाहीवर बसलेला काजवा गाडीतून शहरात आला तर मेलाच.